हेमलताबेनचं भांडार

हेमलताबेनना काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "हे कधीचं?"

कापसाचा भाव सांगा, कोणाच्या मुलीचं ठरल्याची बातमी सांगा, कोणाची तब्येत सांगा. एकदा मी म्हणाले, "ब्राह्मणपुरीच्या मावशींना आता बरं वाटतंय म्हणे." त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "हे कधीचं?" परवाचं, मी म्हणाले. "मग परवा बरं वाटत होतं, असं म्हण," असं म्हणून त्यांनी तिथूनच मावशींना फोन लावला.

त्या शहाद्याच्या शाळेत संगणक शिकवायच्या आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. गावही एकच, ब्राह्मणपुरीच्या थोडं पुढे, केळी आणि उसाच्या पट्ट्यातलं. त्यामुळे जाणं-येणं एकाच बसने. मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. घरी किराण्याची यादी, ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची यादी, कपाटाच्या दाराआतून कपाटात काय आहे त्याची यादी. भिंतीवर टाचलेली माझी एखादी यादी दिसली की बेन चष्मा कपाळावर चढवून विचारत, "सुनंदा, हे कधीचं?" शेवटी मी प्रत्येक यादीच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहायला लागले. ती सवय अजून आहे आणि तिचा फायदाच झाला आहे.

एसटीच्या वेळापत्रकावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. घरातून निघण्याआधी त्या अलीकडच्या फाट्यावरच्या टपरीवाल्याला फोन करायच्या. तो म्हणे, "येईल बेन, आता येईल." बेन म्हणत, "येईल नको सांगू रे भाऊ. दिसली का, ते सांग."

आणखी एक सवय सांगून ठेवते. काम अडलं की त्या भाजलेल्या शेंगा सोलत. टरफलं पर्सच्या बाजूच्या कप्प्यात जात. संगणक कक्षातून टरफलांचा आवाज यायला लागला की आम्ही ऑफिसातले ओळखायचो, बेनचं काहीतरी अडलंय, आता हाक मारायची नाही. संगणकाला त्या कधी थापट मारत नसत. "चाल नी भाई," असं हळू आवाजात सांगत. तो चालायचाही.

त्या निवृत्त झाल्या आणि गावातच राहिल्या. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले, मुलगा सुरतला. आता या रिकाम्या होतील असं वाटलं, तेव्हाच भांडाराचं प्रकरण उभं राहिलं.

आमच्या गावात मंडळाचं भांडार आहे. मोठी पातेली, कढया, पराती, डाव, झारे, सतरंज्या, ताडपत्र्या, चाकांवरची पाण्याची टाकी. लोकांनी थोडंथोडं करून जमवलेलं. लग्न असो, साखरपुडा असो, नाव सांगायचं आणि घेऊन जायचं, भाडं नाही. किल्ली भिकाआप्पांकडे. मी मंडळाची चिटणीस. एवढं सगळं नीट होतं, फक्त हो म्हणणारी तोंडं फार होती. कोणी अध्यक्षांना विचारी, कोणी दुसऱ्या ट्रस्टीला, कोणी थेट आप्पांना. प्रत्येक जण हो म्हणे.

एका वर्षी मोठ्या मुहूर्ताला दोन घरांचे ट्रॅक्टर एकाच वेळी भांडाराच्या दारात उभे राहिले. दोघांनाही सगळ्यात मोठी कढई कबूल केलेली. दोन्ही नवरदेवांचे मामा समोरासमोर आले. वरण-बट्टी आणि गंगाफळाच्या भाजीवरून माणसं एकमेकांची कुळं काढू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी एका घराने भाजी घमेल्यांत केली.

मंडळाची मीटिंग झाली. अध्यक्ष शांतीभाई केळीचे मोठे बागायतदार, माणूस वाईट नाही, पण त्यांना कटकट सोसत नाही. ते म्हणाले, "मला रोज शिव्या खायच्या नाहीत. मंडपवाला ठेकेदार विचारतोच आहे. भांडार ठेक्याने देऊन टाकू. तो भाडं घेईल, तोच भांडणं मिटवेल."

"आणि ज्याला भाडं परवडणार नाही त्याने?" बेननी विचारलं.

"मग तुम्ही सांभाळा, बेन."

"एक लग्नसराई द्या मला," बेन म्हणाल्या. "तेवढ्यात गोंधळ थांबला नाही, तर द्या ठेक्याने. मी एक शब्द बोलणार नाही."

मी ते इतिवृत्तात लिहिलं आणि कोपऱ्यात वेळ टाकली.

बेननी दोन कामं केली. पहिलं, भांडारातल्या सगळ्या वस्तूंचा एक ऑनलाइन डेटाबेस केला. भांडाराच्या दारात शाळेतला एक जुना टॅब लावला. वस्तू बाहेर गेली की आप्पांनी बोट लावायचं, परत आली की पुन्हा लावायचं. दुसरं, गावासाठी मोबाइलवरचं ॲप. त्यात कोड लिहावा लागत नाही, असं त्यांनी मला दाखवलं. पडद्यावर चौकोन ओढून आणायचे आणि त्यांना सांगायचं, तुझ्यात नाव, तुझ्यात तारीख, तुझ्यात भांडं. मला ते स्वयंपाकघरात डबे लावण्यासारखं वाटलं आणि मी ताबडतोब चौकोनांची यादी केली.

पण शांतीभाईंनी एक अट घातली. ॲपचा खऱ्या नोंदींना हात लागता कामा नये. काही बिघडलं तर? म्हणून बेन रोज सकाळी डेटाबेसची नक्कल उतरवून ॲपला देत आणि ॲप दिवसभर त्या नकलेवर चाले.

पहिल्याच साखरपुड्याला फजिती झाली. घरच्यांनी दुपारी ॲपमध्ये पाहिलं, सतरंज्या शिल्लक. टेम्पो घेऊन आले तर सतरंज्या जेवणाआधीच दुसरीकडे गेलेल्या. नक्कल सकाळची होती. टेम्पोवाला हसला, "बेन, तुमचं ॲप कालच्या पेपरासारखं शे."

बेनना ते लागलं. ओट्यावर बसून त्यांनी मूठभर शेंगा सोलल्या. मग मला म्हणाल्या, "सुनंदा, मी लोकांना सकाळ दाखवत होते. ॲप खऱ्या डेटाबेसला जोडल्याशिवाय काही अर्थ नाही. आप्पांनी बोट लावलं की त्याच क्षणी गावाला दिसलं पाहिजे."

मला वाटलं होतं, जोडणं म्हणजे वायर लावण्यासारखं असेल. तसं नव्हतं. आधी डेटाबेसची परवानगी हवी, मग ॲपने कोणत्या नोंदी वाचायच्या आणि कोणत्या बदलायच्या ते ठरवायचं, मग इकडचा प्रत्येक चौकोन तिकडच्या बरोबर रकान्याला बांधायचा. एकदा 'परत आल्याची तारीख' चुकून 'वस्तूचं नाव' या रकान्याला बांधली गेली आणि ॲप तारखाच भाड्याने... भाड्याने नाही, फुकट वाटायला लागलं. बेन पोट धरून हसल्या. "चला, शांतीभाईंना एक मुहूर्त पाठवून देऊ."

शांतीभाईंची खरी अडचण वेगळी होती, ती एके सकाळी बाहेर आली. ते बेनच्या ओट्यावर येऊन बसले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "बेन, हे जोडलं की सगळ्यांना सगळं दिसणार?"

"हो."

"म्हणजे पाहुण्यारावळ्यांचं काही आलं, मला शब्द द्यावा लागला, तर?"

"तर काय?"

"अध्यक्षासाठी एखादं बटण ठेवा. नंबर पुढे घ्यायचं."

मला वाटलं, आता वाजणार. बेन अगदी शांतपणे म्हणाल्या, "ठेवते की. त्यात काय? फक्त बटण दाबलं की कोणासाठी दाबलं, ते गावाला दिसेल."

शांतीभाईंनी कप बशीत ठेवला. "बघा तुम्हीच," म्हणाले आणि उठले. बटण बेननी खरंच ठेवलं. जोडणीला परवानगीही मिळाली.

आणि जोडणी झाली त्याच सकाळी हेमलताबेन वारल्या.

म्हणजे तसा मेसेज आला. माझ्या मोबाइलवर, सगळ्या गावाच्या मोबाइलवर. "दुःखाचं घर. निधन: हेमलताबेन. ताडपत्री, टाकी, सतरंज्या पोहोचवणे." मी पायात चप्पल न घालता निघाले. आदल्या दिवशी तर माझ्याबरोबर बाजारातून भरताची वांगी घेऊन आल्या होत्या.

मी पोहोचले तेव्हा वरच्या गल्लीतली सुमनआक्का फाटकाला धरून रडत होती, "अरे मन्ही माय वं!" मागे बायका पदर तोंडाला लावून उभ्या. भिकाआप्पा ट्रॅक्टरवरून ताडपत्री उतरवत होते. आणि मागच्या दारातून, कोपरापर्यंत दादर ज्वारीचं पीठ लागलेले हात घेऊन, बेन बाहेर आल्या.

"कोण गेलं?"

आक्काचा हुंदका अर्ध्यावर अडला. "तू गयी ना वं, बेन!"

"मी? हे कधीचं?"

"आतेच! मोबाइलमा उनं!"

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "चला, मेली ते मेली, चहा तरी ठेव आते." आणि सगळ्या एकदम हसल्या. आक्का हसताहसता पुन्हा रडायला लागली.

तेवढ्यात सुरतहून मुलाचा फोन. बेननी कोपराने मोबाइल उचलला. "हो, मीच. नाही रे, भुतं फोन उचलत नाहीत. तू जेवून घे."

झालं होतं ते असं. लग्न, साखरपुडा, बारसं या रकान्यांबरोबर बेननी 'दुःखाचं घर' असाही एक रकाना केला होता. ॲप नकलेवर चालत होतं तेव्हा तो चालतो का, हे बघायला त्यांनी एक खोटी नोंद भरली. ती पुसायची राहून गेली. ॲप खऱ्या डेटाबेसला जोडलं, तशी ती नोंद खऱ्यांत गेली आणि ॲपने आपलं काम इमानाने केलं.

शांतीभाई आले ते लाल होऊनच. "बघा! म्हणून म्हणत होतो, खऱ्याला हात लावू नका! जिवंत माणूस मारलं तुमच्या ॲपने!"

"मला मारलं," बेन म्हणाल्या. "माझी तक्रार नाही."

"पण स्वतःचं नाव कशाला टाकलं?"

"मग कोणाचं टाकू? त्या रकान्यात दुसऱ्याचं नाव लिहायला हात धजत नाही. तुमचं टाकलं असतं तर चाललं असतं?"

शांतीभाईंनी कानाच्या पाळीला हात लावला. पण जाताना बजावून गेले, "संध्याकाळी मीटिंग. हे बंद करू. ठेकेदाराला मी कळवतो."

दिवसभर बेनकडे माणसं येत राहिली. आलेल्या प्रत्येकाला त्यांनी चहा दिला. मी मदतीला होते. दुपारी जरा निवांत झाल्यावर त्या अंगणातल्या ताडपत्रीकडे बघत बसल्या होत्या. शेंगा समोर होत्या, पण सोलल्या नाहीत.

"मी या गावात नवी होते, तेव्हा हे गेले," त्या म्हणाल्या. "मला शेजारणीचं नावसुद्धा नीट ठाऊक नव्हतं. कोणाला बोलावणार? बाहेर येऊन पाहिलं तर अंगणात ताडपत्री, टाकी, सतरंज्या. कोणी आणलं, मी विचारलंही नाही." मग म्हणाल्या, "ठेकेदार असा येणार नाही, सुनंदा. त्याला आधी फोन करावा लागेल."

त्यांनी एवढंच सांगितलं. पण एक सराई त्यांनी का मागून घेतली होती, ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मीटिंगला अख्खं गाव लोटलं, कारण वारलेल्या बाईंना बोलताना ऐकायचं होतं. बेन उभ्या राहिल्या. आधी माफी मागितली, सरळ दोन वाक्यांत. मग वळल्या. "आप्पा, तुम्ही सकाळी ताडपत्री घेऊन आलात. ॲपमध्ये मागणी मंजूर केली होती का?"

भिकाआप्पा गोंधळले. "मंजूर कसाले? बेन गयी म्हणीसन निघनू."

"आणि टाकी? ती तर खालच्या गल्लीत लग्नघरी होती."

"त्या लोकेसनी सोताच धाडी."

"म्हणजे चूक माझ्या चाचणीत होती, तशी माझ्या विचारातही होती," बेन म्हणाल्या. "दुःखाच्या घरून कोणी मागणी करत नाही. त्याला रकानाच नको. तो मी काढून टाकते. एक ताडपत्री, एक टाकी, थोड्या सतरंज्या आणि पातेली बाजूला काढू. तो संच डेटाबेसमध्ये राहील, पण ॲपला दिसणार नाही. कोणाला मागता येणार नाही, अध्यक्षांच्या बटणालाही नाही. तो फक्त आप्पा काढतील, कोणाला न विचारता. बाकी सगळं जोडलेलं राहू द्या. मला सराई पुरी करू द्या."

मागून कोणीतरी ओरडलं, "द्या शांतीभाई, बेन वरून परत ऊन्यात!" हसू उसळलं. शांतीभाईही हसले. ठेकेदाराला करायचा फोन त्यांनी सराई संपेपर्यंत पुढे ढकलला.

सराई सुरू झाली. लोकांना ॲपची गोडी वेगळ्याच कारणाने लागली. कोणाच्या घरी किती पातेली गेली, हे घरबसल्या दिसायचं. "अगं, तिच्याकडे एवढीच माणसं?" असल्या चर्चा गल्लीगल्लीत. बेनना ते आवडत नसे, पण त्या म्हणत, "बघू दे. बघतात म्हणून कोणी खोटं बोलत नाही." शांतीभाईंनी एकदा बटण दाबलं, मेहुण्यासाठी. गावाला लगेच दिसलं. दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेले तर डेअरीवर रांगेतून आवाज, "काय भाऊ, साल्याले कढई पोचनी का?" पुढे ते बटण त्यांनी कधी दाबलं नाही.

मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी मी भांडाराच्या पायरीवर बसून होते. ट्रॅक्टर येत होते, जात होते. ज्याचा नंबर त्याला भांडं मिळत होतं. कोणी कोणाचं कूळ काढलं नाही. मधेच खालच्या आळीत एक वयस्क गृहस्थ गेले. आप्पांनी बाजूचा संच काढला आणि लग्नाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत घेऊन गेले. बेन भांडाराकडे फिरकल्यादेखील नाहीत. घरी पापड लाटत बसल्या होत्या.

सराईनंतरच्या मीटिंगमध्ये भांडार मंडळाकडेच ठेवायचं ठरलं. ठराव शांतीभाईंनी स्वतः मांडला.

मग बेनचे गुडघे बोलायला लागले. मुलगा सुरतहून दर सुट्टीला येई आणि चला म्हणे. अखेर त्या तयार झाल्या. जाण्याआधी त्यांनी मला समोर बसवलं, डेटाबेसची मालकी मंडळाच्या खात्यावर घेतली आणि मालकांच्या यादीतलं स्वतःचं नाव मला काढायला लावलं. मी म्हणाले, राहू द्या, काही अडलं तर? त्या म्हणाल्या, "अडलं तर फोन कर. पण सुरतला बसून माझ्या हातात इथली किल्ली नको."

गावाला एक जेवण घालून जायचं त्यांनी ठरवलं. जेवणाच्या दिवशी सकाळी सगळ्यांसारखीच ॲपमधून मागणी केली. मी शेजारीच होते. पडद्यावर आलं: उपलब्ध नाही. त्याच दिवशी गावात दोन हळदी होत्या.

बेननी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा वाचलं आणि हसल्या. "बरोबर सांगतंय."

भिकाआप्पांना कळलं तसे ते धावत आले. "बेन, तो बाजूना संच शे ना! मी काढी देस. कोणले दिसस का?"

"आणि आज कोणाकडे काही झालं तर, आप्पा?"

"आज काय व्हनार शे?"

"ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आज मी घेतला तर उद्या शांतीभाई घेतील, परवा कोणी तिसरा. मग ठेकेदार काय वाईट होता?"

आप्पा घरी गेले आणि स्वतःच्या घरचं पितळी पातेलं घेऊन आले. ते बघून सुमनआक्काने परात आणली. मग बाकीची गल्ली. लहानमोठ्या भांड्यांत थोडाथोडा स्वयंपाक झाला, चुली मांडायला अंगण पुरेना, पंगती उशिरा बसल्या. शांतीभाई वाढायला उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना निरोप द्यायला गेले. मुलाची गाडी दारात उभी होती, सामान चढलं होतं. ओट्यावर घासूनपुसून भांडी पालथी घातलेली. बेन घरात नव्हत्या. गल्लीच्या मधोमध दिसल्या, काखेत एक परात, हातात झाकलेलं पातेलं. पातेल्यावर कोरलेलं नाव डोळ्यांजवळ नेऊन वाचत होत्या. दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईने झाकण उचललं, आत दादरच्या पिठाचे चार लाडू होते.

"बेन, हे कशाला?"

"रिकामं भांडं परत देतात का कोणी?"

मुलाने हॉर्न वाजवला. त्यांनी वळून न बघता, थांब, असा हात केला आणि परातीवरचं नाव वाचत पुढच्या दाराकडे निघाल्या. ओट्यावर अजून बरीच भांडी बाकी होती.